धाकटीची वीस मिनिटे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी सतरंज्या अंथरते, पाहुण्यांचा चहा करते, आणि भाषणे चालू असताना मागे शेगडीपाशी उभी असते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, तुम्हीही दोन शब्द बोला. मी म्हटले, बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मला भाषण कुठून येणार? त्या म्हणाल्या, घरात जे घडले तेच सांगा, त्याहून मोठे भाषण नाही. म्हणून मी उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

माझी धाकटी जाऊ नर्स आहे, हे आपण सर्वजणी जाणता. आपली मुर्री गोंदियाच्या अगदी शेजारी. गोंदियाच्या एका दवाखान्यात ती गेली बारा वर्षे काम करते. आपल्यापैकी कितीतरी जणी मुलाला ताप आला की आमच्या दारात येतात, "सिस्टर आहेत का घरी?" म्हणून विचारतात. रात्री अकराला आल्या तरी ती कधी नाही म्हणत नाही. आज मी बोलणार आहे ते तिच्याविषयी, आणि खरे सांगायचे तर माझ्याविषयीही. तिची परवानगी घेतली आहे.

तिची ड्यूटी तीन पाळ्यांची. एक आठवडा सकाळी आठ ते दोन, एक आठवडा दुपारी दोन ते रात्री आठ, आणि एक आठवडा रात्री आठ ते सकाळी आठ. घरात आम्ही दोघी जावा, दोन भाऊ, सासूबाई आणि चार मुले. तिची पाळी कोणतीही असो, घरातली तिची कामे ठरलेली होती. सकाळचे पाणी भरणे तिच्याकडे, मुलांचे डबे तिच्याकडे, संध्याकाळच्या पोळ्या तिच्याकडे. रात्रपाळी करून साडेआठला घरी आली की चप्पल काढून ती थेट ओट्यापाशी उभी राहायची. मी तिला तसे करू देत होते. मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. नोकरी तिची, घर मात्र दोघींचे, असा माझा हिशेब.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एके दिवशी ती मला म्हणाली, "ताई, मी रोज वीस मिनिटे फिरायला जाऊ का? थोडा व्यायाम करावा म्हणते. पाठ फार धरते." मी पोळी लाटत होते. मान वर न करता म्हटले, "बारा तास उभी असतेस, वॉर्डातून दिवसभर चालतेस, तुला आणखी कसला व्यायाम पाहिजे? व्यायाम बसून खाणाऱ्यांनी करावा." ती काही बोलली नाही. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

पुढे दोन महिन्यांनी, अंगाने जड असलेल्या एका म्हाताऱ्या रोग्याला खाटेवर वर सरकवताना तिच्या कंबरेत चमक भरली. मदतीला दुसरी कोणी नव्हती. तिला धरून रिक्षातून घरी आणले. तीन आठवडे ती अंथरुणावर होती. रजा संपली, मग पगार कापला जाऊ लागला. घरावर सोसायटीचे कर्ज होते. भाऊजी राईसमिलमध्ये हमालांची हजेरी घेतात, त्यांच्या एकट्याच्या पगारात हप्ता आणि घर दोन्ही भागत नव्हते. एका संध्याकाळी ती भाऊजींना म्हणताना मी ऐकले, "मी आता नोकरी सोडते. माझ्याने होणार नाही."

माझी मोठी मुलगी तेव्हा बारावीत होती. तिला नर्सिंगचा, म्हणजे जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे. ती काकूच्या उशाशी बसून विचारत होती, "काकू, या नोकरीत पन्नाशीपर्यंत टिकता येते का गं?" काकू छताकडे पाहत राहिली. भगिनींनो, त्या दिवशी माझे डोळे उघडले. जे मी जावेला बोलले ते उद्या माझ्या मुलीला तिची मोठी जाऊ बोलणार, हे मला स्पष्ट दिसले.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की हाड मोडलेले नाही, पण पाठीचे व पोटाचे स्नायू थकलेले आणि कमजोर आहेत. ताकद आणली नाही तर हे पुन्हा होईल. त्यांनी फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवले. मी बरोबर गेले होते. तिथे मी माझी शंका विचारलीच, "दिवसभर जी राबते तिच्यात ताकद कशी नाही?" त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा."

मला हे पटले नाही. घरी आल्यावर मुलीने फोनवर शोधून वाचून दाखवले. लंडन शहरात जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरच्या लोकांचा अभ्यास केला, आणि तो १९५३ साली छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसून असतो, कंडक्टर दिवसभर बसचा जिना चढतो उतरतो. कंडक्टरांना हृदयाचा आजार ड्रायव्हरांपेक्षा कमी झालेला दिसला. मी टाळी वाजवून म्हटले, "बघा, मी काय सांगत होते! आपली धाकटी तर कंडक्टरहून जास्त चालते."

अंथरुणावरूनच धाकटी म्हणाली, "ताई, पुढचेही वाचायला सांगा." तिने सांगितलेले मुलीने शोधले. डेन्मार्क देशात कोपनहेगन शहरी एक लाख चार हजारांवर स्त्रीपुरुषांची पाहणी झाली, ती २०२१ साली छापून आली. तिच्यात असे दिसले की जे लोक आपल्या मोकळ्या वेळात हालचाल व व्यायाम करत होते, त्यांना हृदयाचे आजार कमी झाले आणि मृत्यूही कमी आले. पण ज्यांचे शरीर नोकरीतच फार राबत होते, त्यांच्यात उलट दिसले. त्यांना त्या राबण्याचा तसा लाभ झालेला नव्हता, धोका वाढलेलाच आढळला.

असे का व्हावे, ते फिजिओथेरपीच्या बाईंनी नंतर समजावले. वॉर्डातले चालणे तुटक असते. चार पावले गेले, थांबले, वाकले, उचलले, पुन्हा उभे राहिले. त्यात दम लागत नाही, म्हणून हृदयाला हवा तसा व्यायाम होत नाही. पण तासन् तास ताण मात्र राहतो आणि मध्ये विसावा मिळत नाही. ओझे उचलायचे ते वाकड्यातिकड्या अंगाने, रोगी सांगेल तेव्हा. व्यायामात मात्र आपण ठरवून, नीट उभे राहून, थोडा वेळ जोर लावतो आणि मग शरीराला सोडून देतो. जोर आणि विसावा या दोन्हींनी मिळून ताकद येते.

मला अजूनही नीट उमगत नव्हते. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आमच्या सासूबाई बोलल्या. त्या शेतकऱ्याची लेक. शंकरपटाचा त्यांच्या माहेरी मोठा षोक. त्या म्हणाल्या, "अगं, पटाच्या जोडीला कोणी दिवसभर नांगराला जुंपते का? तिला चारा घालतात, रोज थोडी पळवतात, आणि सावलीला बांधतात. नांगराचा बैल दिवसभर चालतो, पण पटात पळव म्हटले तर पळेल का? तो झिजतो." एवढे बोलून त्यांनी सुपारी तोंडात टाकली. डेन्मार्कच्या विद्वानांचे म्हणणे मला सासूबाईंनी एका वाक्यात समजावले.

आपण सेविकांचा गौरव फार करतो. ३ जानेवारीला आपल्या मंडळात सावित्रीबाई फुल्यांची जयंती होते. १८९७ सालच्या प्लेगात त्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले, आणि त्याच रोगाने १० मार्चला त्या गेल्या, हे आपण दरवर्षी डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. त्यांच्या हातातला दिवा सर्वांना ठाऊक आहे. पण धाकटीने मला सांगितले की क्रिमियाच्या युद्धावरून परत आल्यावर त्या बाई स्वतः आजारी पडल्या आणि पुढे कित्येक वर्षे बहुतेक अंथरुणाला खिळून होत्या. तिथूनच त्यांनी पुढचे सारे लिखाण आणि काम केले. ही गोष्ट मला नवी होती. मला वाटले, सेवा करणारीच्या त्यागाला आपण हार घालतो, पण तिची पाठ दुखते का, हे विचारत नाही. मी तरी विचारले नव्हते.

आता आम्ही काय केले ते सांगते. त्यात मोठे असे काही नाही, पण कुणाला उपयोगी पडेल.

पहिल्यांदा फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलेले व्यायाम धाकटीने दहा दिवस केले, आणि अकराव्या दिवशी बंद पडले. पाहुणे आले, मग मुलाची परीक्षा आली, मग रात्रपाळी आली. ती म्हणाली, "ताई, वेळच नाही." मी तिची पाळी लिहिलेला कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला होता. एके दुपारी मी त्याच्या खाली घरातल्या सर्व कामांची यादी लिहून काढली, आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहिले. सासूबाईंच्या गोळ्या, मुलांची शाळा, दूध, पाणी, किराणा, सर्वांना वेळ होती. धाकटीच्या नावापुढे अकरा कामे निघाली, माझ्यापुढे नऊ. दोन्ही भाऊ मिळून तीन. तो कागद पाहून भाऊजी स्वतःच म्हणाले, "वहिनी, पाण्याचे काम माझ्याकडे लिहा." मग आमच्या यजमानांनाही गप्प बसता येईना. संध्याकाळचा भात त्यांनी घेतला. पहिले आठ दिवस तो खाली लागलेलाच खाल्ला, पण कोणी काही बोलायचे नाही असे मी मुलांना बजावले होते. आता त्यांचा भात माझ्यापेक्षा मोकळा होतो.

वेळ अशी निघाली. वेळ काढणारी एकटी बाई असेल तर वेळ निघत नाही, घराने काढली तर निघते, हे मी अनुभवाने सांगते.

मग पाळीप्रमाणे वेळा ठरवल्या. सकाळची ड्यूटी असते त्या आठवड्यात ती दुपारी घरी येऊन जेवते, अर्धा तास पडते, आणि संध्याकाळी पाचला आम्ही दोघी फिरायला निघतो. दुपारची ड्यूटी असते तेव्हा पहाटे जातो. आपल्या भागाचे एक भाग्य आहे. आपण महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, म्हणून मुंबईपेक्षा आपल्याकडे सूर्य जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. मे महिन्यात साडेपाचला उजाडलेले असते, आणि आपल्याकडचा उन्हाळा आपण जाणताच, सातनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ सोडू नये.

अवघड आठवडा रात्रपाळीचा. त्यात आमची चूक झाली होती. रात्र जागून आल्यावर लगेच ती व्यायामाला उभी राहायची, की एकदाचे उरकले. त्याने चक्कर येऊ लागली. जागरणाने थकलेल्या शरीराला आधी झोप पाहिजे. आता ती आल्यावर चहा आणि हलके काहीतरी खाते, आणि मागच्या खोलीत खिडकीला जाड चादर लावून निजते. तेवढा वेळ आमच्याकडे टीव्ही बंद, आणि दारात येणाऱ्याला मी सांगते, "सिस्टर झोपल्या आहेत, दोन वाजता या." याबद्दल माझ्यावर एकदोघी रुसल्याही. त्यांची मी इथे क्षमा मागते, पण दार मी तसेच राखणार आहे. झोप झाल्यावर, संध्याकाळी ड्यूटीला जाण्याआधी, ती तिची वीस मिनिटे करते. रात्रपाळीत सात दिवसांपैकी चार दिवस झाले तरी आम्ही पुष्कळ मानतो.

वीस मिनिटेच का, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की मोठ्या माणसाने आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम करावा, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असे काही करावे. मी सातवीच्या गणिताने हिशेब केला. रोज वीस म्हणजे आठवड्याचे एकशे चाळीस. एक दिवस दहा जास्त चाललो की दीडशे भरले. आणि त्यात आणखी एक दिलासा आहे. पूर्वी म्हणत की सलग दहा मिनिटे तरी झाली पाहिजेत, तरच ती धरायची. आता तसे नाही. पाच मिनिटे केली तर पाचही कामी येतात. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे.

मध्यम दम म्हणजे किती, याची खूण फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितली. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. आम्ही दोघी चालतो तेव्हा मी बोलते आणि धाकटी ऐकते, म्हणून माझा दम आधी लागतो.

दहाबारा मिनिटे चालून आलो की घरी हे करतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे, दहा वेळा. भिंतीला दोन्ही तळहात लावून दंड, दहा वेळा. उताणे पडून गुडघे मोडायचे आणि कंबर हळूच वर उचलायची, पाच आकडे मोजून खाली आणायची, दहा वेळा. गुडघे आणि हात टेकून मांजरासारखी पाठ वर खाली करायची. शेवटी भिंतीला पाय वर लावून पाच मिनिटे पडून राहायचे. दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पायांना सूज येते, शिरा फुगतात, त्यांना याने फार आराम पडतो. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, वेगळा पोशाख लागत नाही. मी पहिले वर्षभर लुगड्यातच केले. आता मुलीने सलवार कमीज शिवून दिली आहे.

ड्यूटीवरही तिने काही सवयी लावल्या. रोग्यांचे कागद लिहिताना उभे राहायचे असेल तर टाचा वरखाली करते. बसता येत असेल तर बसूनच लिहिते, उगाच उभी राहत नाही. पाणी वेळेवर पिते. आणि मुख्य म्हणजे जड रोग्याला आता ती एकटी उचलत नाही. मदतनीस येईपर्यंत थांबते. रोग्याच्या खाली चादर घालून दोघी मिळून चादरीने सरकवतात, गुडघे वाकवतात, कंबर वाकवत नाहीत. ती म्हणते, "ताई, व्यायामाने पाठीला ताकद येते, पण ती ताकद उधळायला नव्हे." व्यायाम केला म्हणून माणसांची कमतरता भरून निघत नाही, हेही ती सांगते. दोन माणसांचे काम एका बाईवर टाकले तर सूर्यनमस्कार घालूनही पाठ वाचणार नाही. ते आपल्या हातात नाही. घरातले मात्र आपल्या हातात आहे.

एक सावधगिरीची गोष्ट. आपल्या गोंदिया जिल्ह्यात सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. ज्यांना तो आजार आहे त्यांनी दम तुटेपर्यंत व्यायाम करू नये, उन्हात करू नये, मधून मधून पाणी प्यावे, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी आधी रक्त तपासून घ्यावे. छातीत दुखले, चक्कर आली, पायात मुंग्या येऊ लागल्या तर थांबावे. मी काही वैद्य नाही, धाकटीने हे जरूर सांगा म्हटले म्हणून सांगते.

आता लोक काय म्हणतात, याविषयी. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी रस्त्याने भराभर चालू लागलो तेव्हा कोणी हसले, कोणी विचारले, "कुठे आग लागली काय?" कोणी म्हणाले, "चार पोरांच्या घरातल्या बाया, आणि यांना पहिलवान व्हायचे आहे." मी कुणाचे नाव घेत नाही, कारण असे बोलणारी पहिली मीच होते. पण व्यायाम हे आपल्याकडे नवे नाही. आपल्या विदर्भातच अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले होते. औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो पुरुषांपुरता केला नाही, बायकामुलांनीही घालावेत असे सांगितले. तेव्हा राजघराण्यातल्या बायका सूर्यनमस्कार घालत असतील तर मुर्रीच्या बायकांनी वीस मिनिटे चालण्यात लाज कसली?

भगिनींनो, या सर्वाचा परिणाम काय झाला, तेही खरे तेच सांगते. धाकटीची पाठ साफ बरी झाली असे नाही. थंडीत आणि रात्रपाळीच्या शेवटी अजून धरते. पण तीन वर्षांत ती पुन्हा अंथरुणाला खिळली नाही. नोकरी सुटली नाही. कर्जाचे हप्ते चालू आहेत. मागच्या आषाढात रोवणीच्या दिवसांत आमचा सर्व नेम पंधरा दिवस मोडला होता. घरातले सर्वजण बांधीवर, कोण कुणाला वेळ देणार? रोवणी संपल्यावर पुन्हा सुरू केला. नेम मोडला म्हणजे संपला असे नाही, पुन्हा जोडता येतो, हे मी आता शिकले आहे.

आणि माझे म्हणाल, तर तिच्या सोबतीला म्हणून मी निघाले. पहिल्या दिवशी मला शाळेच्या वळणापर्यंतही चालवले नाही. बारा तास उभी राहणाऱ्या बाईला व्यायामाची गरज नाही म्हणणारी मी, खुर्चीवरून हात न टेकता उठू शकत नव्हते. आता दहा वेळा उठते. पहाटे धानाच्या बांध्यांच्या बाजूने चालताना धाकटी कधी कधी दवाखान्यातले बोलते. रात्री कोणते मूल वाचले, कोणते वाचले नाही. बारा वर्षे ती आमच्या घरात आहे, पण हे ती मला यापूर्वी कधी बोलली नव्हती. मी कधी तिच्याबरोबर चालले नव्हते, म्हणून बोलली नसेल.

आता मंडळापुढे माझे तीन छोटे मागणे आहे. पहिले, आपल्या मंडळाची ही खोली संध्याकाळी रिकामी असते. ती रोज तासभर व्यायामाला उघडी राहावी. पाळीने काम करणाऱ्या बायांना ठरावीक वेळ जमत नाही. नर्स आहेत, आशाताई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, राईसमिलवर जाणाऱ्या आहेत. म्हणून एक किल्ली माझ्याकडे द्यावी. माझे घर जवळ आहे, जिला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा मी उघडून देईन. दुसरे, पहाटे फिरायला जाणाऱ्या बाईला एकटीने जावे लागू नये. अंधार असतो, कुत्री असतात. गल्लीतल्या दोघी तिघींनी मिळून निघावे. तिसरे मागणे पैशाचे नाही. कोणाच्या घरातली सून, जाऊ, लेक "वीस मिनिटे जाऊन येते" म्हणाली, तर पोळी लाटता लाटता माझ्यासारखे उत्तर देऊ नका. "जा, मी बघते" एवढेच म्हणा.

धाकटी आज या सभेला नाही. तिची दुपारची ड्यूटी आहे, आठला सुटेल. माझे भाषण कसे झाले ते ती उद्या पहाटे चालताना विचारील. आपण टाळ्या वाजवल्या तर तसे सांगेन. पण किल्ली मिळाली असे सांगता आले तर तिला जास्त आनंद होईल.

माझे दोन शब्द संपवते.